वरच्या तारा

१२ ऑक्टोबर, शनिवार

काढून घेतली. चार वर्षं मी हार्पवर वाजवत होते ती वरची ओळ सरांनी आज धाकटीला दिली. सगळ्यांसमोर. चहाचे कप हातात असताना, खुर्ची जरा सरकवा म्हणावं तितक्या सहज.

"तुम्ही खालची साथ घ्या. तिथे भक्कम माणूस हवं."

भक्कम! मी काय इमारतीचा खांब आहे?

का, म्हणून विचारलं. म्हणाले, "वरचं तुमचं हल्ली जरा इकडेतिकडे होतं." इकडेतिकडे म्हणजे काय, ते सांगेनात. पुढे काहीतरी पुटपुटले. तीस वर्षं शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेत, पण बोलणं अजून स्पष्ट नाही. त्या मुलांना काय कळत असेल देव जाणे.

धाकटीने मानभावीपणे विचारलं, "ताई, तुला चालेल ना?"

मी म्हटलं, "न चालून सांगते कुणाला?"

सहा आठवडे झाले तिला गटात येऊन. सहा. कानामागून आली आणि तिखट झाली.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून डोक्यात तेच. लिहून काढते, नाहीतर कपडे शिवताना बोटात सुई जायची.

आम्ही सहा जण. सहा हार्प. दर शनिवारी तीन ते पाच, वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये. सगळे हौशी — दातांचे डॉक्टर, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई, एक नवराबायको जे एकमेकांशी फक्त तालाबद्दल बोलतात, मी, आणि आता ही. वर्षअखेरच्या सुट्टीत दोन कार्यक्रम करतो, वृद्धाश्रमात आणि वाचनालयात. घंटांची गाणी, बर्फाची गाणी, घरी परतायची गाणी. आमच्या गावात बर्फ पडत नाही. गाण्यांत मात्र ढिगाने पडतो.

वर्षभर कुणाला आमची आठवण नसते. त्या दोन दिवसांत मात्र लोक आवर्जून येतात, आणि येतात ते वरच्या ओळीसाठी. गाण्याची चाल तिची असते. खालची साथ म्हणजे धुम्, धुम्, थांब, धुम्.

आई मार्चमध्ये गेली. नऊ वर्षं तिचं सगळं मी केलं. अंघोळ, औषधं, कूस बदलणं. धाकटी दुसऱ्या शहरात मुलांना हार्प शिकवत होती, दर रविवारी फोन करायची. आई त्या फोनवर अर्धा अर्धा तास खळखळून हसायची. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ द्यायची नाही. शेजारी उभं राहून सांगितलं तरी तोंड भिंतीकडे. नऊ वर्षं मी भिंतीशी बोलले.

मग ऑगस्टअखेर ही दोन बॅगा आणि हार्प घेऊन दारात. "चार दिवस राहते ताई, कंटाळा आला तिकडे." त्या चार दिवसांचे आता किती झाले ते मोजवत नाही. आईच्या खोलीत झोपते. आयत्या बिळावर नागोबा.

१६ ऑक्टोबर

धुम्, धुम्, थांब, धुम्.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पोस्टातल्या बाई मला म्हणाल्या, "बहीण काय वाजवते हो तुमची! बोटं बघत राहावीत." मी म्हटलं, बघा की, बोटं बघायला पैसे पडत नाहीत.

बोटं चांगली चालतात, हे खोटं नाही. स्वर ओळखायला रंगवलेली लाल तार, निळी तार — नजर सारखी तारांवर. मान वर करते ती फक्त सरांचं तोंड बघायला. किती ती भक्ती. सरांनी काही सांगितलं की त्यांच्या ओठांकडे अशी बघते की जणू मोती गळताहेत.

२७ ऑक्टोबर, रविवार

भांडण.

दूध उतू जात होतं, मी अंघोळीला. न्हाणीघरातून चार वेळा ओरडले, "गॅस बंद कर." बाई बाहेरच्या खोलीत पुस्तक वाचत बसलेल्या. हूं नाही की चूं नाही. ओल्या अंगाने धावत आले तेव्हा भांडं करपून काळं झालेलं.

"बहिरी आहेस का?"

ती पांढरी पडली. मग म्हणाली, "लक्ष नव्हतं."

"लक्ष कधी होतं तुझं? नऊ वर्षांत?"

त्यावर म्हणते, "ताई, तूसुद्धा जरा हळू बोलत जा. तू टीव्ही लावतेस ना, तो खालच्या मजल्यावर ऐकू जातो." विषय कुठे, ही कुठे.

भांडं घासायला तिला लावलं. दोन तास घासत होती. निघालं नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं. वरची ओळ रोज वाजवायची, ती फिरायला जाते तेव्हा. पाठ करून सरांच्या तोंडावर फेकायची.

सूर लावायचं यंत्र हार्पला चिमटवायचं, हिरवा दिवा लागला की तार बरोबर. एकेक तार हिरवी करून घेतली. चौतीस तारा, चौतीस हिरवे दिवे. कोण म्हणतं माझं इकडेतिकडे होतं?

९ नोव्हेंबर, शनिवार

लवकर गेले. सर एकटेच खुर्च्या मांडत होते. म्हटलं, ऐका. "घरी परतताना" अख्खं वाजवलं, वरची ओळ, न थांबता. शेवटच्या तारेपर्यंत.

सरांनी चष्मा काढून पुसला.

"कसं वाटलं तुम्हाला स्वतःला?" असं विचारलं त्यांनी.

"उत्तम."

"हं." मग म्हणाले, "तुम्ही हव्या त्या तारेऐवजी शेजारच्या तारेवर जाता. वरती. बऱ्याचदा. ते तुम्हाला..." आणि तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले, सर पुन्हा खुर्च्या मांडायला लागले.

शेजारच्या तारेवर म्हणे. मला चार वर्षांत कळलं नाही आणि यांना आज कळलं. खरं कारण सांगायला तोंड नाही, म्हणून तारा मोजताहेत. धाकटीने काहीतरी भरवलंय. दुसरं काय?

१५ नोव्हेंबर

हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. दुकानात आज एक गिऱ्हाईक आलं, कोट हातात. मी ऐकलं, बाही आखूड करायची. बाही कापली. संध्याकाळी येऊन त्याने तमाशा केला — "बाहीला हात लावू नका म्हणालो होतो, फक्त अस्तर." तर मग नीट बोलायचं. तोंडात काय गोळी धरून येता?

मालकीणबाई म्हणाल्या, "मी मागून तीनदा हाक मारली तुम्हाला, कापू नका म्हणून." मशीन चालू होतं. मशीन चालू असताना कुणाला ऐकू येतं?

तीन वेळा माफी मागितली. माझी काही चूक नसताना.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज कळलं.

तालमीनंतर हार्पला कव्हर घालत होते. दाराशी धाकटी आणि सर. तिची पाठ माझ्याकडे होती, पण सर का कोण जाणे मोठ्याने बोलत होते. "ठीक आहे. ताईंना मी काही बोलणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

म्हणजे आहे काहीतरी. माझ्या मागे. माझी जागा घेतली, आईची खोली घेतली, आणि आता कानगोष्टी.

घरी येताना बसमध्ये (हार्प डॉक्टरांच्या गाडीतून येतात) ती शेजारी बसली. मी उठून मागे उभी राहिले. सात थांबे. पाय दुखले, पण उभी राहिले.

२४ नोव्हेंबर

बोलले नाही.

२५ नोव्हेंबर

बोलले नाही. तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

७ डिसेंबर, शनिवार

रंगीत तालीम. सगळे काळ्या कपड्यांत. "घरी परतताना" संपलं तेव्हा पोस्टातल्या बाई डोळे टिपत होत्या. वर धाकटीला म्हणाल्या, "तुमच्यामुळे यंदा गट गट वाटतो." यंदा. म्हणजे गेली चार वर्षं काय आम्ही भाजी विकत होतो?

सर मला म्हणाले, "तुमची साथ फार छान बसली." कुत्र्याला थोपटावं तसं.

आमच्या हार्पना प्रत्येक तारेच्या डोक्याशी एक छोटा खटका असतो. खटका वर केला की तार अर्धा सूर चढते, पाडला की उतरते. गाण्याप्रमाणे कुठले वर, कुठले खाली ते आधी लावून ठेवायचं. "घरी परतताना"ला सगळ्या निळ्या तारांचे खटके वर लागतात. एक जरी खाली राहिला तर गाणं असं वाकडं होतं की दगडालाही कळेल.

हे मी उगाच लिहीत नाहीये.

१४ डिसेंबर, शनिवार

केलं.

वृद्धाश्रमाचं जेवणघर. टेबलं भिंतीला लावलेली, ओल्या फरशीचा वास. आम्ही सूर लावले, धाकटीने आपले खटके एकेक बोट लावून तपासले, मग सगळे चहाला आत गेले. मी म्हटलं, रुमाल राहिला. परत आले. सहा हार्प नुसत्या उभ्या. खिडकीशी एक म्हातारी चाकाच्या खुर्चीत झोपलेली.

तिच्या हार्पच्या वरच्या दोन निळ्या तारा. दोन खटके. अंगठ्याने टक्, टक्. झालं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

मग शेवटचं गाणं आलं. छाती अशी धडधडत होती की सरांचा हात दिसेना. धाकटीने सुरू केलं. पहिली ओळ — त्या तारा पहिल्याच ओळीत येतात. मी वाट बघत होते.

काहीच झालं नाही!

तिची बोटं नेहमीसारखी चालली. चेहऱ्यावर तेच मंद हसू. मला वाटलं तिने बघितलं असेल, पटकन वर केले असतील. किंवा माझाच अंगठा चुकला. गाणं संपलं. टाळ्या जरा उशिरा आल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं होतं, पण त्यांचं ते तसंच असेल.

एवढं पाप केलं आणि तेही फुकट. हिचं नशीबच असं. लहानपणी जिन्यावरून पडली तरी खाली गादी वाळत घातलेली होती.

१५ डिसेंबर, रविवार

सर घरी आले. आधी कधी आले नव्हते. मी चहा ठेवला आणि दाराआड उभी राहिले. दाराआड कशाला, माझंच घर आहे — आत जाऊन बसले.

सर धाकटीच्या अगदी समोर बसले आणि एकेक शब्द तोडून बोलले. "काल 'घरी परतताना'मध्ये दोन निळे खटके खाली होते. मी नंतर पाहिले. चूक कुणाचीही होते, त्याचं काही नाही. पण तुम्ही पहिल्या ओळीलाच थांबायला हवं होतं. सगळं गाणं तसंच वाजवलंत. हसत."

धाकटी म्हणाली, "सगळं?"

"सगळं. डॉक्टरांनी मध्येच वाजवणं सोडून दिलं. तुम्ही म्हणाला होतात थोडं कमी ऐकू येतं. हे थोडं नाही."

मी बशी हातात धरून बसले होते. कमी ऐकू येतं?

तिने केस मागे केले. कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र. तीन महिने माझ्या घरात राहते आहे आणि मी कधी तिचे केस मागे झालेले पाहिले नाहीत. म्हणाली, वाजवताना काढून ठेवते, यंत्रातून हार्प ऐकली की पत्र्याचा डबा बडवल्यासारखी वाटते. खालच्या तारा ऐकू येतात. मधल्या निम्म्या. वरच्या नाहीत. वरच्या ती डोळ्यांनी वाजवते.

तिकडची नोकरी कंटाळ्याने सोडलेली नाही. एका मुलीने वर्गात पूर्ण बेसूर वाजवलं आणि ही म्हणाली, "सुंदर". मुलं हसली. त्या मुलीला वाटलं बाई आपली थट्टा करतात. रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी हिने राजीनामा दिला.

सर गेल्यावर ती मला म्हणाली, "तुला सांगणार होते. पण तू आधीच इतकी..."

१६ डिसेंबर

म्हणजे खटके खालीच होते. माझा अंगठा चुकला नव्हता.

मग मला कसं कळलं नाही? छाती धडधडत होती. शिवाय माझी माझी साथ मोजायची होती, एक दोन तीन चार. शेजारचं कोण ऐकत बसतं?

तेच असणार.

१८ डिसेंबर, बुधवार

धाकटीने गट सोडला. सरांना फोन करायला मला सांगितलं. सरांनी वरची ओळ पुन्हा मला देऊ का म्हणून विचारलंही नाही. म्हणाले डॉक्टर घेतील. हरकत नाही. ती गेली, एवढं पुरे. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, साधारण दुपारपर्यंत.

दुपारी ती हार्पला कव्हर घालत होती. जाड, हिवाळ्याचं, चेनवालं. ते घातलं की पुन्हा काढायचं नाही असं दिसत होतं. चेन अडकली. मी मदतीला गेले, सवयीने. गटातल्या कव्हरांच्या चेनी मीच शिवून देते.

ती तारांकडे बघत म्हणाली, "कान गेले ते कळलं होतं. पण खटके मी तपासले होते, ताई. दोनदा. एकेक बोट लावून. मला आठवतंय. म्हणजे आता आठवण्यावरही विश्वास नाही ठेवायचा."

मी चेन सोडवत होते.

"आईचं शेवटी असंच झालं होतं ना? जे केलं नाही ते केलं म्हणायची."

त्याक्षणी मी गप्प बसले असते तर जिंकले असते. काय जिंकले असते ते ठाऊक नाही. म्हणून नाही बसले.

"खटके मी पाडले," म्हटलं.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "मी. रुमालाचं निमित्त करून आले आणि पाडले."

"कळलं पहिल्यांदाच," ती म्हणाली. "तू मला लोकांसमोर उघडं पाडलंस."

"आणि तू मला नऊ वर्षं एकटीला टाकलंस."

"मी दर रविवारी—"

"फोन करायचीस! मी दर रविवारी तिची चादर बदलायचे. तिचं हसू तुझ्या वाट्याला, चादर माझ्या."

मग जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तिने मला हलकट म्हटलं. मी तिला पाहुणी म्हटलं. पाहुणी जास्त लागलं. कव्हर तिने ओढून काढलं आणि माझ्या अंगावर फेकलं, जड असतं ते, खांदा अजून दुखतोय.

आणि मग एकदम थांबून तिने विचारलं, "पण तुला कसं नाही ऐकू आलं?"

"काय?"

"तू माझ्या शेजारी बसली होतीस. हाताच्या अंतरावर. तूच पाडलेस, तू वाट बघत होतीस. मग सर घरी येईपर्यंत अशी का वागत होतीस, जणू काही घडलंच नाही?"

"मी माझं मोजत होते."

"आईपण असंच काहीतरी सांगायची," ती म्हणाली. आता ओरडत नव्हती. "लक्ष नव्हतं. विचारात होते. लोक पुटपुटतात. ताई, माझ्या कानाच्या डॉक्टरांनी विचारलं घरात कुणाला आहे का, तेव्हा मला कळलं. आई तुझ्यावर रुसलेली नव्हती. तिला तुझं ऐकूच येत नव्हतं. माझं यायचं, कारण फोनचा आवाज मी शेवटपर्यंत वाढवून गेले होते."

मी म्हटलं, "आईला मध्ये आणू नकोस. तुला काय माहीत आई?" आणि स्वयंपाकघरात येऊन नळ सोडला.

१९ डिसेंबर

फोन बघितला. आईचाच, भिंतीवरचा, पलंगापर्यंत पोचणाऱ्या लांब वायरचा, बाजूला आवाजाची चकती असलेला. चकती शेवटपर्यंत फिरवलेली आहे.

मीही तोच वापरते. कधी कमी केला नाही. मोठा आहे तर आहे.

त्यावरून काही सिद्ध होत नाही. धाकटीला आपली नऊ वर्षं धुऊन काढायची आहेत, म्हणून आईला बहिरी ठरवलं की झालं.

पण मग मी आईला जे बोलले त्या वर्षांत — शेजारी उभी राहून, तिच्या पाठीला — ते तिला ऐकू गेलं नाही म्हणायचं का? ते चांगलं की वाईट, हे ठरवता येईना. दुकानात एकाच बाहीला दोनदा शिलाई घातली.

२० डिसेंबर, शुक्रवार

सरांना जाऊन सांगितलं. धाकटीने सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं, हाही हिशेब होताच, खोटं कशाला बोलू.

सर दारातच उभे होते. आत या म्हणाले नाहीत. सगळं ऐकलं. मग अगदी हळू, म्हणजे मला दोनदा विचारावं लागलं, म्हणाले, "उद्या तुम्ही वाजवू नका. बहिणीला मी घेऊन येतो. खटके मी स्वतः तपासेन. तुम्ही हार्पच्या जवळ येऊ नका."

चार वर्षं त्यांच्या खुर्च्या उचलल्या मी.

बरोबर आहे त्यांचं. म्हणून तर राग जास्त येतो.

२१ डिसेंबर, शनिवार

गेले. येऊ नका म्हणाले ते हार्पजवळ, हॉलमध्ये नाही. शेवटच्या रांगेत बसले, थंडीसाठी कोट अंगावरच. पोस्टातल्या बाईंनी मला पाहिलं आणि मान फिरवली. म्हणजे सगळ्यांना कळलंय. कळू दे.

पाच हार्पमध्ये माझी जागा दिसत होती. खालची साथ डॉक्टरांनी घेतली. ती अगदी स्पष्ट ऐकू येत होती, धुम्, धुम्, थांब, धुम्. "थांब"ला जरा उशीर करत होते.

धाकटी सरांकडे बघत होती. सर तोंडाने अंक मोजत होते, एक, दोन, ओठ मोठे मोठे करून, लाज सोडून. "घरी परतताना" आलं. तिचा उजवा हात वर गेला, वरच्या तारांवर. बोटं पडत होती, एकामागून एक, ते सगळं दिसत होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला.

वाचनालयाचं छत फार उंच आहे. मागच्या रांगेत नीट आवाज पोचत नाही. पुढच्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं त्यांना.

मी टाळ्या वाजवल्या. इतरांनी सुरू केल्यावर.

२२ डिसेंबर

मी विचारलं, "बाई कशाला रडत होती शेजारची?"

धाकटी म्हणाली, "मला काय विचारतेस? मला काही ऐकू येत नाही." आणि कडवटपणे हसली. चहा केला तिने. एकच कप. स्वतःचा.

२६ डिसेंबर, गुरुवार

दुकान सुट्टीमुळे रिकामं. मालकीणबाईंनी आत बोलावलं. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम आता त्यांची सून बघेल, मी आत मशीनवर बसायचं. "तुम्हाला सोपं पडेल," म्हणाल्या.

भक्कम माणसं आत बसवतात सगळीकडे.

२८ डिसेंबर, शनिवार

सकाळी टेबलावर चिठ्ठी. धाकटीचं अक्षर. ३ जानेवारी, अकरा वाजता, कानाचा दवाखाना, पत्ता. खाली: "माझी तपासणी आहे. तुझंही नाव घातलंय. यायचं तर ये. मी तुला माफ केलेलं नाही."

मी खाली लिहिलं, "मीही नाही." चिठ्ठी तिथेच ठेवली.

संध्याकाळी चिठ्ठी फ्रिजवर लावलेली होती.

३१ डिसेंबर

जाणार नाही. माझे कान ठणठणीत आहेत. लोकांनी तोंड उघडून बोलायला शिकावं.

३ जानेवारी, शुक्रवार

गेले. तिला खोटं पाडायला. बंद खोली, भिंतींना स्पंज, कानांवर यंत्र. काचेपलीकडे बसलेली मुलगी म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. मी एकही सोडला नाही. सगळे पकडले. सात.

बाहेर आल्यावर त्या मुलीने कागद पुढे केला. आवाज सव्वीस होते.

धाकटी बाकावर वाट बघत बसली होती. तिला मोठ्याने सांगावं लागलं. तिने उत्तर दिलं तेही मोठ्याने. सगळा दवाखाना आमच्याकडे बघत होता, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या ओठांकडे.